ओ भाऊ, स्टँड! : नाशिकहून जर्मनीला निघणाऱ्यांसाठी

गंगापूर रोडवर गाडीचं साइड स्टँड खाली ठेवून पन्नास मीटर जाऊन दाखवा. जाताच येत नाही. रिक्षावाला, शाळेची पोरगी, समोरून येणारा दूधवाला, कुणीतरी ओरडतंच, "ओ भाऊ, स्टँड!" त्यांचा तुमचा काडीचा संबंध नसतो. मी श्टुटगार्टला सहा वर्षं राहिलो. तिथली निम्मी चिडचिड कशाची, तर तुमचं स्टँड खाली आहे हे तिथे सहसा कुणी ओरडून सांगत नाही. पत्र येतं. जर्मनमध्ये, पोस्टाने, दोन-तीन आठवड्यांनी.

परत नाशकात आल्यापासून दर उन्हाळ्यात दोन-चार घरांतून बोलावणं येतं. कुणाच्या मुलीला अॅडमिशन मिळालेली असते, कुणाला अंबडच्या कंपनीतून दोन वर्षांसाठी पाठवत असतात. काकू विचारतात, "कुकर द्यावा का?" काका विचारतात, "थंडी किती?" पोरं विचारतात पार्ट टाइम कामाचं. जे कुणीच विचारत नाही ते मी लिहून काढलंय. माझा अनुभव श्टुटगार्टचा, तेव्हा बर्लिनवाल्यांनी काही गोष्टी सोडून द्याव्यात.

नाशिककराला हे शहर तसं परकं वाटत नाही. आपल्या सातपूरला जिचा कारखाना आहे त्या बॉशचं मुख्यालय श्टुटगार्टला खेटून असलेल्या गेरलिंगनला आहे, म्हणजे मायको सर्कलचं (मायको हे बॉशचं इथलं जुनं नाव) माहेरच म्हणा. डोंगरउतारावर थेट शहरात द्राक्षांचे मळे आहेत. पहिल्या दिवशी वाटतं, अरे, हे तर आपलंच. दुसऱ्या दिवशी रविवार असतो.

निघण्याआधी, नाशकातच

कागदांचं थोडक्यात सांगतो, ते एजंटही सांगतात. विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएसचं प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं, त्याच्या मागे लवकर लागा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातले महिन्याला ९९२ च हातात येतात. "जर्मनीत शिक्षण फुकट" असं ऐकून श्टुटगार्ट किंवा कार्ल्सरूहेची सरकारी युनिव्हर्सिटी निवडली असेल, तर त्या राज्यात, म्हणजे बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. जन्माचा आणि लग्नाचा दाखला तिथे कसा प्रमाणित केलेला चालतो ते विचारून, तसा करूनच निघा. तिथे बसून इथल्या मामाला मुंबईला पिटाळणं फार जड जातं.

आता बॅग. ओझरहून जा नाहीतर मुंबईहून, आईचं तूप, पेढे आणि मटणाचं सुकं विमानतळाबाहेर जाणार नाही. युरोपबाहेरून येताना सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता, आंबे, हिरव्या मिरच्या यांनाही वनस्पती-तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, ते तुमच्याकडे नसणार. कढीपत्ता सावलीत वाळवून न्या. काळा मसाला, चिवडा, मेतकूट, पापड बिनधास्त. तुपाची चिंता नको, तिथलं बिनमिठाचं लोणी कढवलं की छान रवाळ तूप निघतं. क्वार्क नावाचा प्रकार दुकानात मिळतो, तो म्हणजे जवळजवळ आपला चक्का. थोडा फडक्यात बांधून ठेवला की श्रीखंड. पिठाच्या पुड्यावर नंबर असतो. ४०५ म्हणजे आपल्या मैद्याचा भाऊ, त्याच्या पोळ्या रबरासारख्या होतात. तुर्की दुकानात किंवा भारतीय दुकानात कणीक मिळते, अडीनडीला १०५० नंबर घ्या.

 

कुकर द्या, काकू. तीन लिटरचा. वीज तिथेही २३० व्होल्टच आहे, त्यामुळे मिक्सरही चालतो, फक्त आपली जाड तीन पिनांची प्लग बसत नाही. अर्थिंगवाला एक चांगला अॅडॉप्टर आणि आपल्याकडचा एक एक्स्टेन्शन बोर्ड न्या, म्हणजे पाच अॅडॉप्टर घ्यावे लागत नाहीत. माझ्या पहिल्या शिट्टीला खालच्या मजल्यावरचे आजोबा धावत वर आले होते. त्यांना वाटलं गॅसचं काहीतरी फुटलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना कुकर उघडून डाळ दाखवली. मग त्यांना शिट्टी ऐकू आली की जिन्यात विचारायचे, "आज डाळ?"

आणि मग. प्लास्टिकचा, दांड्याचा, आंघोळीचा. हा बॅगेत घालताना पोरं लाजतात. तिथल्या संडासात जेट नसतो, हाताशी नळ नसतो, असतो तो कागद. मी लाजून नेला नाही आणि पहिले दोन महिने पाण्याच्या बाटलीवर काढले.

भाषा. कोर्स इंग्रजीत असेल, ऑफिसही इंग्रजीत असेल, पण पत्र जर्मनमध्येच येणार. ए-टू पातळीपर्यंत इथेच शिका. तिथे गेल्यावर शिकू म्हणणाऱ्यांना मी चौथ्या वर्षीही फोनचं भाषांतर अॅप पत्रावर धरून उभं असलेलं पाहिलंय. बाकी श्टुटगार्टचे लोक श्वेबिश ही तिथली बोली बोलतात, ती क्लासमध्ये कुणी शिकवत नाही. मालवणी माणसाला खानदेशी ऐकून होतं तसं तुमचं होईल, घाबरू नका.

पहिले चौदा दिवस: आधी नाव लावा

घर मिळालं की सामान उघडायच्या आधी टपालपेटीवर आपलं आडनाव लावा. खरंच, सगळ्यात आधी. आपल्याकडे पोस्टमनला "सोनाराच्या वरती, गच्चीवाले" एवढं पुरतं. तिथे पत्त्यात फ्लॅट नंबर बहुधा नसतोच, पेटीवरचं आणि बेलवरचं नाव हाच पत्ता. नाव नसेल तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, करखात्याचा नंबर, विम्याचं कार्ड, सगळं टपालाने येतं आणि वेगवेगळ्या पाकिटांत. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तीन आठवडे तसंच होतं. तेवढ्यात बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं.

मग आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंद. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. त्यासाठी घरमालकाकडून एक सही केलेला कागद लागतो, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. पाठ करू नका, लिहून ठेवा. भाडेकरार दाखवून भागत नाही, हाच कागद हवा. नोंद झाल्याशिवाय पुढचं बरंच काही अडतं, म्हणून नाशकात असतानाच ऑनलाइन वेळ मिळते का ते बघत राहा. या वेळेला तिथे टेर्मीन म्हणतात. हा शब्द तुम्ही 'नमस्कार' पेक्षा जास्त वेळा वापराल. आपल्यासारखं "साहेब आहेत का, दोन मिनिटं" तिथे चालत नाही. पण टेर्मीन मिळाला की दहाचं काम दहा वाजताच सुरू होतं, हेही सांगायला हवं.

नोंद झाली की महिन्याभरात एक पत्र येतं: महिना १८ युरो ३६ सेंट भरा, रेडिओ-टीव्हीचे. तुमच्याकडे टीव्ही नाही, रेडिओ नाही. फसवणूक वाटते आणि पत्र कचऱ्यात जातं. मीही टाकलं. ते खरं असतं. सार्वजनिक प्रसारणाची ही वर्गणी घरामागे असते, टीव्ही असो नसो, आणि थकली तर दंडासकट वाढते. एका घरात चौघं राहत असाल तर चौघांत मिळून एकच भरायची, हेही कुणी आपणहून सांगत नाही.

घर

इथे जरा वेळ घेतो, कारण रडू येतं ते घरातच.

भाड्याचा आकडा दोन प्रकारचा असतो, थंड आणि गरम. थंड भाडं म्हणजे नुसत्या भिंतींचं. गरम म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून, तरी वीज बहुतेक वेळा वेगळीच. जाहिरातीत थंड आकडा मोठ्या अक्षरात असतो. डिपॉझिट थंड भाड्याच्या तिप्पटपर्यंत घेता येतं.

आणि स्वयंपाकघर रिकामं असू शकतं. रिकामं म्हणजे ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून नुसते दोन पाइप बाहेर आलेले. आधीचा भाडेकरू आपलं किचन उचलून घेऊन जातो. कधी दिवेही नेतो आणि छताला वायरी लोंबत असतात. आपल्याकडे कडप्प्याचा ओटा घराच्या हाडात असतो, त्यामुळे आईला व्हिडिओ कॉलवर घर दाखवताना मी कॅमेरा बाथरूमकडे वळवला होता. जाहिरातीत किचन आहे असं स्पष्ट लिहिलेलंच घर बघा.

दार. बाहेरून ओढलं की ते बंद होतं आणि बाहेरच्या बाजूला मूठ फिरत नाही. कचरा टाकायला पायजम्यावर खाली उतरलात आणि किल्ली आत राहिली, की संपलं. माझं हे जानेवारीत, रात्री साडेनऊला झालं. इंटरनेटवर पहिला दिसला त्या किल्लीवाल्याला शेजाऱ्याच्या फोनवरून बोलावलं. चार मिनिटं काम, अडीचशे युरो. दुसरी किल्ली विश्वासातल्या मित्राकडे ठेवा, आणि वेळ आलीच तर तो निघण्याआधी फोनवरच एकूण रक्कम ठरवून घ्या.

खिडक्या. भाडेकरारात चक्क लिहिलेलं असतं की हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची. बाहेर शून्याखाली असताना! मला हा वेडेपणा वाटला. पण तिथली घरं डब्यासारखी घट्ट बंद असतात. आपण वरण उकळतो, भात शिजवतो, कपडे आतच वाळत घालतो. ती वाफ गार भिंतीला जाऊन बसते आणि फेब्रुवारीत कपाटामागे काळी बुरशी दिसते. तिचा खर्च तुमच्या डिपॉझिटमधून वळता होऊ शकतो. फट उघडी ठेवून हीटर चालू ठेवणं सगळ्यात वाईट. उघडा, मोजून दहा मिनिटं, बंद करा. फोडणी देताना तर उघडाच, छतावरच्या धुराच्या अलार्मला हिंग-मोहरी आणि आग यांतला फरक कळत नाही.

जिना झाडणं. एका सोमवारी माझ्या दाराला एक पाटी अडकवलेली दिसली. मला वाटलं, काहीतरी धार्मिक असावं. तो श्वेबियाचा, म्हणजे श्टुटगार्टकडच्या भागाचा, खास रिवाज, केअरवोखं. इमारतीतल्या घरांनी आठवड्याच्या पाळीने जिना पुसायचा, काही ठिकाणी अंगण, फूटपाथ, बर्फसुद्धा. तुमची पाळी झाली की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. मी जिना पुसला नाही, पाटी मात्र पुढे सरकवली. कुणी काही बोललं नाही. दोन आठवड्यांनी घरमालकाचं पत्र आलं.

कचरा. घंटागाडीचं गाणं ऐकून डबा घेऊन पळायची सवय विसरा. कागद, ओला कचरा, प्लास्टिकची वेष्टनं आणि उरलेलं, असं चार ठिकाणी. कोणता डबा कोणत्या दिवशी उचलतात त्याचं कॅलेंडर असतं. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत, पांढरी, हिरवी, तपकिरी वेगळी, आणि त्याही रविवारी टाकायच्या नाहीत, आवाज होतो.

पण सगळ्याच बाटल्या टाकू नका! पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८. सुपरमार्केटमधल्या मशिनमध्ये घातल्या की पावती येते, ती काउंटरवर वळती होते. बाटली चेपू नका, मशिन बारकोड वाचतं. मी पहिले दोन महिने प्रत्येक बाटली आपल्या सवयीने पिरगाळून टाकत होतो.

रविवार

दुकानं बंद. सगळी. शनिवारी सामान भरा. विसरलात तर मोठ्या रेल्वे स्टेशनवरचं दुकान किंवा पेट्रोल पंप, दोन्हीकडे महाग. ड्रिल नाही, व्हॅक्यूम नाही, आणि शेंगदाण्याच्या कुटासाठी मिक्सर लावायचा असेल तर तो शनिवारीच फिरवून ठेवा. एरवी रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारून मोठ्या झालेल्या माणसाला ही शांतता सुरुवातीला कानात दुखते.

माणसं

पहिल्यांदा एका सहकाऱ्याच्या घरी गेलो. त्याने विचारलं, केक घेणार? मी म्हटलं, नको नको. आपल्या घरात या 'नको'चा अर्थ 'अजून दोनदा विचारा' असा असतो. त्याने मान हलवली आणि बशी आत नेली. मी तिथून उपाशी निघालो. त्याच्या दृष्टीने त्याने माझा मान राखला होता. पहिल्या विचारण्यालाच हो म्हणा. तुम्ही घरी बोलावलंत तर उलटंही लक्षात ठेवा, पाहुण्याच्या ताटात तिसरी पोळी बळंच वाढलीत तर तो ती घाबरून खातो.

वाढदिवस तुमचा असेल तर ऑफिसात केक तुम्हीच न्यायचा. आणि कुणाला आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, तो अपशकुन समजतात. आपण "उद्या सुट्टी आहे म्हणून आजच" म्हणून हात पुढे करतो आणि समोरच्याचा चेहरा उतरतो.

'तू' आणि 'तुम्ही' मात्र आपल्याला जमतं, इंग्रजीवाल्यांची त्यात फजिती होते. अनोळखी माणसाला, सरकारी कचेरीत 'झी', म्हणजे तुम्ही. फक्त साठीचे बॉस आपणहून 'डू', म्हणजे तू, म्हणा म्हणाले की तोंडातून शब्द फुटत नाही. मला दीड वर्ष लागलं.

आता एका आजीबाईंची गोष्ट. नोव्हेंबरची सकाळ, सात वाजलेले, रस्त्यावर एक गाडी नाही. पादचाऱ्यांचा दिवा लाल. मी अर्थातच चालू लागलो. पलीकडे नातवाचा हात धरून उभ्या असलेल्या आजी असं काही ओरडल्या की मी मधोमध थबकलो. दंड म्हणाल तर पाच-दहा युरोचा, पण मुद्दा तो नव्हता, पोरगं बघत होतं. मी घरी येऊन चार दिवस धुमसत होतो: आपला रंग बघून बोलल्या. पुढच्या हिवाळ्यात संध्याकाळी सायकलवरून येताना सिग्नलला एका गाडीची काच खाली झाली. आतला माणूस तसाच, त्याच कोरड्या आवाजात म्हणाला, मागचा दिवा बंद आहे. आणि काच वर. त्या दिवशी मला आजी आठवल्या आणि गंगापूर रोड आठवला.

सगळंच असं गोड नसतं. फोनवर माझं आडनाव ऐकल्यावर "घर गेलं" म्हणणारे भेटले, आणि त्याच दुपारी जर्मन मित्राने फोन केला तर तेच घर शिल्लक होतं. कोणतं ओरडणं कसलं, हे ओळखायला वेळ लागतो. पण नियमावरून कुणी टोकलं, तर आधी स्टँड बघा.

तब्येत आणि अंधार

सर्दी-तापाला डॉक्टर बहुतेक काढा प्यायला सांगतात. इंजेक्शन नाही, सलाइन नाही, अँटिबायोटिक मागून मिळत नाही. चिडू नका, घराजवळच्या फॅमिली डॉक्टरकडे आजारी नसतानाच नाव नोंदवून ठेवा. रात्री-बेरात्री, पण जिवावरचं नसेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. दोन्ही नंबर घरी आईलाही देऊन ठेवू नका, ती तिकडून लावते.

डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि सकाळी आठनंतर उजाडतं. काकांनी विचारलेली थंडी जॅकेटने भागते, या अंधाराला जॅकेट नाही. पहिल्या हिवाळ्यात संध्याकाळी घरी बसायचंच नाही, असं ठरवून टाका: पोहायला जा, भाषेच्या वर्गाला जा, मराठी मंडळींच्या नाटकात भालदार व्हा. घड्याळही सांभाळा. भारत उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं सरकतात. हे घरी दोनदा समजावा, नाहीतर आईचा सकाळी सातचा फोन हिवाळ्यात तुमच्याकडे पहाटे अडीचला वाजतो.

पहिली सुट्टी

दीड-दोन वर्षांनी नाशकात याल. रात्री अकराला एबीबी सर्कलच्या रिकाम्या सिग्नलला तुम्ही एकटेच लालवर थांबाल आणि मागून आवाज येईल, "ओ भाऊ, झोपले का?" मिसळीच्या ठिकाणी अनोळखी माणूस समोरची खुर्ची ओढून बसेल, रस्सा पुढे सरकवेल, तुमचा पगार विचारेल. मावशीला येण्याआधी फोन करून वेळ मागू नका, तिला राग येतो.

परत जाताना मेन रोडवरून कुकरच्या दोन रिंगा आणि एक शिट्टी न्या. आपल्या मापाची तिथल्या दुकानात सापडत नाही, आणि जुनी नेमकी शनिवारी रात्री दगा देते.